डब्यातला माल कुठला?

पहाटे विरारकडून येणारी लोकल बोरिवलीला थांबते, तेव्हा मालडब्यातून टोपल्या उतरतात. दुधी, घोसाळी, पडवळ, तोंडली, कच्च्या केळ्यांचे घड. टोपल्या आणणाऱ्या स्त्रियांना पश्चिम उपनगरांत ‘वसईवाल्या’ या एकाच नावाने ओळखतात. सूर्य वर येईपर्यंत त्यांनी पदपथावर आपली जागा धरलेली असते.

त्याच वेळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घराघरांत शाळेचे डबे भरले जात असतात. एखाद्या डब्यात सुमारे १२ हजार किलोमीटरवरून आलेले न्यूझीलंडचे किवी असते, जोडीला बिस्किटांचा पुडा. व्यापारी घराण्यात दुकानावर नवा माल आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘माल कुठला?’ मुलाच्या डब्याविषयी मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर शोधायचे, तर त्या टोपल्यांच्या वाटेने उलट जावे. बोरिवलीहून अर्ध्या तासाच्या आत वसई येते. स्थानकाबाहेरच्या इमारती मागे टाकून पश्चिमेला वळले की वाड्या सुरू होतात. केळी, नारळ, फुलझाडे, मांडवावर चढलेले वेल आणि अधूनमधून ‘बावखल’ म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. या पाण्यावर वाडवळ, सामवेदी आदी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या बागायत केली. शहर वाढले तशी अनेक बावखले बुजली. हे पाणी आणि ही हिरवाई राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’चे आंदोलन उभे राहिले. उरलेली वाडी टिकण्यासाठी आंदोलनाइतकेच गिऱ्हाईकही लागते.

पुढे विरारजवळ आगाशी. येथील राजेळी केळी सोलून काही दिवस उन्हात वाळवली की ‘सुकेळी’ तयार होतात. साखरेचा कणही न घालता मधासारखी गोड. मधल्या सुट्टीचा असा खाऊ गावाच्या इतक्या जवळ होतो, हे उपनगरातील कित्येक मुलांना ठाऊकच नाही. मागणी घटली, मेहनत तेवढीच राहिली; त्यामुळे सुकेळी करणारी घरेही कमी होत गेली.

त्याच रुळावर, बोरिवलीहून सुमारे ९० किलोमीटरवर डहाणू. २०१३ पासून उपनगरी गाडी तेथवर जाते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मध्य मार्गावरच्या मुलुंडलाही रान परके नाही. येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या या उपनगरात पावसाळ्यात आदिवासी स्त्रिया करटोली घेऊन बसतात. गुजराती घरांत तीच ‘कंटोला’. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य झाल्या की करटोली, पडवळ, घोसाळी यांचीच ताटात गरज असते, आणि ऋतूही नेमक्या त्याच देतो.

येथे जैन स्वयंपाकघर एक पाऊल पुढेच आहे. कंदमुळे वर्ज्य असल्यामुळे बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले. केळ्याचा वडा, केळ्याची पावभाजी, केळ्याच्या कटलेटी हे पदार्थ मुले आवडीने खातात. त्यांचा कच्चा माल वसईच्या वाडीत उभा आहे. नव्या चवीची सक्ती करावी लागत नाही; आवडत्या चवीचा पत्ता तेवढा सांगावा लागतो.

सरकारनेही आपल्या परीने पाऊल उचलले. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत अतिरिक्त मीठ, साखर व चरबी असलेल्या पदार्थांना मनाई केली. नियमाने पाकीट फळीवरून खाली उतरते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनातून ते उतरत नाही. उपदेशाने तर या वयात बहुधा उलटाच परिणाम होतो. याउलट ज्या मुलीने स्वतः मांडवाखाली उभे राहून दुधी तोडला आहे, ती डब्यातील दुधीच्या मुठियांना नाक मुरडण्यापूर्वी क्षणभर थांबते.

अर्थात, जवळचे ते सारेच चांगले, असेही नव्हे. रेल्वेरुळांलगतच्या काही वाफ्यांना नाल्याचे पाणी दिले जात असल्याच्या तक्रारी मुंबईत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. म्हणूनच ‘कुठला?’ या प्रश्नामागोमाग ‘कोणत्या पाण्यावरचा?’ हाही प्रश्न आला पाहिजे. जो समाज पाणी गाळून घेतो, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

एखाद्या रविवारी पालकांनी मुलांना पहाटेच्या गाडीने वसई-आगाशीला न्यावे. सोमवारच्या डब्यासाठी काय घ्यायचे ते मुलांनाच निवडू द्यावे, भाव विचारू द्यावा, पैसेही त्यांच्याच हातून द्यावेत. व्यवहार हा या घरांचा वारसाच आहे. मधल्या सुट्टीत मित्राने डब्यात डोकावून ‘काय आणलंस?’ असे विचारले, तर त्या मुलाला पदार्थाच्या नावासोबत गावाचे नावही सांगता येईल.