झाकली मूठ

वाचकहो, कुस्ती हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे सांगावयास नको. गावची जत्रा, हलगीचा कडकडाट, लाल मातीचा हौदा, शड्डूचा आवाज आणि मानाची कुस्ती दिसावी म्हणून झाडाच्या फांदीवर बसलेली माणसे. कोल्हापूरच्या खासबागेचे नाव निघाले की सारी हयात परप्रांतात काढलेला मराठी गृहस्थही क्षणभर सरसावून बसतो. परंतु आज मी ज्या कुस्तीचे स्मरण करणार आहे ती ही नव्हे. ती तिकिटाची, विजेच्या दिव्यांखालची, दोरांनी वेढलेल्या चौथऱ्यावरची आणि भडक भित्तिपत्रकांतून गाजणारी धंदेवाईक कुस्ती होय. आपल्याकडे तिला 'फ्रीस्टाईल' म्हणत. ऑलिंपिकमधील याच नावाच्या कुस्तीशी तिचे नाते नावापुरतेच. तिचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असे. म्हणून मातीतले जाणकार तिला नाके मुरडीत आणि 'लुटुपुटीची' म्हणून सोडून देत.

ही कुस्ती अशी का झाली, याचे उत्तर एका खऱ्या कुस्तीत सापडते. १९१० सालच्या सप्टेंबरची १० तारीख. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील क्रीडांगणात आपला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची गाठ पडली. गामाचा जोर ध्यानी येताच झबिस्कोने गादीवर अंग टाकले आणि तो तेथेच चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ हे असेच चालले. अखेर कुस्ती अनिर्णित राहिली. पुढल्या आठवड्यात ती पुन्हा व्हावयाची होती, परंतु झबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळास हे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. आता तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची अवस्था पाहा. एकदा अडीच तास काहीच घडले नाही, आणि दुसऱ्यांदा नीट बसण्यापूर्वीच सारे आटोपले! खऱ्या कुस्तीचा हा स्वभावच आहे. ती प्रेक्षकांसाठी नसते.

तिकिटांवर पोट असणाऱ्यांना हे परवडणारे नव्हते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत एड लुईस या मल्लाने बिली सँडो आणि टूट्स माँड या दोघांच्या साथीने खेळाला वेळेची मर्यादा घातली, उंच फेकीचे नेत्रदीपक डाव आणले आणि मल्लांचे फिरते ताफे उभे केले. कुस्तीचे रूपांतर खेळात आणि खेळाचे रंगभूमीत झाले. आपल्याकडेही ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' असे नाव आहेच. म्हणजे ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांची असे नाही.

हाच खेळ पुढे हिंदुस्थानात आला आणि मुंबई, कलकत्ता, दिल्ली येथील क्रीडांगणे त्याने भरून टाकली. त्याचे दोन नायक आजही वृद्धांच्या तोंडी आहेत. एक, अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावचा दारासिंग. १९४७ साली तो सिंगापूरला गेला आणि तिकडेच त्याचे नाव झाले. दुसरा, त्या काळच्या हंगेरीत जन्मलेला एमिल झाया. पण त्याला त्या नावाने कोण ओळखणार? जगाला तो ठाऊक होता 'किंग काँग' म्हणून. दारासिंग देखणा, किंग काँग अवाढव्य. सज्जन-दुर्जनाचा सामना पाहताक्षणी कळावा अशी ती जोडी. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर अशा कुस्त्यांना लोटणाऱ्या गर्दीचे वर्णन गिरणगावात मी लहानपणी कितीदा तरी ऐकले आहे. १९६८ सालच्या मे महिन्यात याच मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद मिळविले. थेझ हा एके काळचा थोर विजेता. त्या दिवशी त्याचे वय ५२ वर्षांचे होते. थोराने उगवत्याच्या हाती मान सोपवावा, ही या धंद्याची जुनी रीत.

मी १९९० नंतरच्या काळातला मुलगा. लालबागच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथे आम्ही मुले अमेरिकन मल्लांच्या पत्त्यांवर खेळत असू आणि केबलवर त्यांच्या कुस्त्या पाहत असू. आमच्याच मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहत. आम्ही त्यांना पैलवान आजोबा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून ते गिरणीत कामाला आले आणि साचेखात्यात लागले. गावच्या जत्रेत त्यांची पाठ मातीला लागल्याचे कुणी पाहिले नव्हते. मुंबईत तालमीत मेहनत करताना त्यांना एका ठेकेदाराने हेरले आणि स्टेडियमवरच्या पहिल्या, फुटकळ कुस्त्यांत उतरविले. काम एकच, हरण्याचे. घरी बहिणींची लग्ने व्हावयाची होती. कुणी परदेशी मल्ल पहिल्यांदा मुंबईत आला की त्याचा दरारा बसावा म्हणून याने त्याच्या हातून पडावयाचे. असे ते आठ-दहा वर्षे पडत राहिले.

हे वर्तमान गावी पोचल्यावाचून कसे राहील? त्यांचे वडीलही पैलवान. सुट्टीला गेलेल्या मुलाला त्यांनी काहीही विचारले नाही. त्या दिवशीच नव्हे, पुढे कधीच नाही. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," असे आजोबा एकदा म्हणाले होते. वडिलांना खरे सांगून टाकणे त्यांना अशक्य नव्हते. "ठरलेली कुस्ती होती" एवढे चार शब्द पुरले असते. परंतु ते बोलले नाहीत. आत ठरलेले बाहेर सांगावयाचे नाही, ही त्या धंद्याची शपथ. वडिलांच्या नजरेत हरलेला मुलगा होऊन राहणे त्यांनी पत्करले, पण मूठ उघडली नाही.

माझा व्यवसाय भाषांतराचा. काही वर्षांपूर्वी एका लेखात मला 'केफेब' हा अमेरिकन मल्लांच्या परिभाषेतील शब्द आढळला. जत्रेतल्या खेळवाल्यांकडून तो आला असावा असे मानतात. खेळातले सोंग बाहेरही सांभाळावयाचे, हा त्याचा आशय. कोशात प्रतिशब्द मिळेना. मग आजोबांच्या तोंडचा शब्द आठवला : झाकली मूठ. ती सव्वा लाखाची असते, हे आपण सारेच जाणतो. परंतु तिची किंमत कोण मोजतो, हे म्हणीत सांगितलेले नाही.

आजोबा आमच्यासोबत दूरदर्शन संचासमोर बसत. त्यांची मान डावीकडे वळत नसे. कुणी हाक मारली तर सारे अंग वळवून पाहावे लागे. आम्ही जिंकणाऱ्याचा जयजयकार करीत असता ते म्हणत, "पोरांनो, पडनाऱ्याकडं बघा. उचलनाऱ्याकडं समदं जग बघतंया." मग ते आम्हांला उलगडून सांगत. पडताना हनुवटी छातीला टेकलेली हवी, म्हणजे डोके आपटत नाही. श्वास सोडलेला हवा. पाठ एकाच वेळी सपाट टेकली पाहिजे आणि हातांनी गादीवर थाप मारली पाहिजे, म्हणजे मार एका जागी बसत नाही आणि आवाजही मोठा होतो. गादी म्हणावयाची, पण तिच्याखाली फळ्या असतात. दुसऱ्याला डोक्यावर उचलावयाचे तर तो स्वतः उडी घेतो, तोल सावरतो आणि आपले मानेचे हाड विश्वासाने समोरच्याच्या हाती देतो. दारासिंगने किंग काँगला उचलल्याची कथा आम्ही रंगवून सांगू लागलो की ते हसत. "किंग काँगच्या मनात नसतं तर तो सात जन्मांत उचलला गेला नसता," असे म्हणत आणि त्या दांडगेश्वराच्या नावाने कानाच्या पाळीला हात लावीत.

आपल्या कारकिर्दीत समोरच्या एकाही मल्लाला आपल्यापायी इजा झाली नाही, एवढाच अभिमान ते सांगत.

एव्हाना अमेरिकेत मूठ उघडली गेली होती. १९८९ साली तेथील सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच मांडले की, ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे. हेतू असा की, क्रीडा-नियामक मंडळाची देखरेख टळावी. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. परंतु १९९९ सालच्या २३ मे रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने खाली उतरत असता सुमारे ७८ फुटांवरून कोसळला आणि मरण पावला. ती बातमी वाचून दाखविली तेव्हा आजोबांनी विचारले, "पोरं किती त्याला?" दोन, असे आम्ही सांगितले. "आणि पुढच्या कुस्त्या?" त्या रात्री पुढच्या कुस्त्या झाल्या होत्या, तेही आम्ही सांगितले. आजोबा उठले आणि त्यांनी संच बंद केला. त्यानंतर ते आमच्यात येऊन बसले नाहीत.

किंग काँग १९७० साली मोटार-अपघातानंतर सिंगापुरात वारला. दारासिंग २०१२ साली मुंबईत निवर्तला. २०१८ साली अमेरिकन कंपनीने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले, ते योग्यच झाले. पैलवान आजोबांचे नाव कोणत्याही यादीत नाही. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळे पडलेले हस्तपत्रक निघाले. वरच्या बाजूस मोठ्या अक्षरांत परदेशी मल्लांची नावे, आणि अगदी तळाशी बारीक टायपात ठेकेदाराने दिलेले त्यांचे खोटे नाव. घडीवर घडी पडून तीच ओळ झिजली होती.

निकाल ठरलेला होता, म्हणून ती माणसे खोटी होती, असे मला म्हणवत नाही. वाचकहो, आपल्या घरच्या जुन्या पेटीत असा एखादा कागद सापडला तर तो फेकू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून त्या रात्रीची हकीकत विचारा, आणि विचारताना वाचण्यास आरंभ सर्वांत खालच्या ओळीपासून करा.