उघडे दार

अमरावतीच्या परकोटात, अंबागेटजवळच्या एका जुन्या घरी, देवघराच्या भिंतीवर लक्ष्मीचे चित्र आहे. राजा रविवर्मा यांच्या मूळ चित्रावरून छापलेले ते चित्र पणजोबांनी आणले होते. आता त्याचे रंग फिकट झाले आहेत. त्या घरातील बारा वर्षांच्या मुलीने ते जन्मापासून पाहिले होते. चित्र म्हणजे भिंतीवर टांगून हात जोडावयाची वस्तू, एवढेच तिला ठाऊक होते.

दिवाळीच्या सुटीत मामा तिला मुंबईस घेऊन गेले. रविवारी रात्री अमरावतीस गाडीत बसलेली ती दोघे सोमवारी सकाळी मुंबईस उतरली. दुपारी मामा तिला फोर्टमधील एका भव्य दगडी इमारतीपुढे घेऊन आले. पाहतात तो दार बंद! सोमवारी संग्रहालयास सुटी असते, याचे मामांना विस्मरण झाले होते.

मुलीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "मामाजी, हे दार आपल्यासारख्यांसाठी उघडते तरी का?"

मामा हसले नाहीत. ते पायरीवर बसले व सांगू लागले, "हे सर कावसजी जहांगीर सभागृह. १९११ साली बांधलेले. येथे एके काळी मोठमोठ्या सभा भरत, गाण्याच्या मैफली रंगत. पुढे त्याची रया गेली. मग आतून त्याचे रूप पालटले आणि १९९६ साली येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा उघडली. मूळ संग्रहालय दिल्लीस, जयपूर हाउसमध्ये, १९५४ साली सुरू झाले. बंगळूरची शाखा २००९ साली निघाली. या तिन्ही ठिकाणची चित्रे कोणा राजाच्या वा सावकाराच्या मालकीची नाहीत. ती राष्ट्राची आहेत. म्हणजे तुझीही आहेत. आपण उद्या येऊ."

मंगळवारी दार उघडे होते. आत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचलेली होती. जिना चढत चढत थेट घुमटाखाली जाता येत होते. एका दालनात काही मुले कागद पसरून चित्रे काढीत होती. मुलांच्या कार्यशाळा, व्याख्याने, नवनवी प्रदर्शने येथे होत असतात, असे मामांनी सांगितले.

एका मोठ्या चित्रापुढे मात्र मुलगी गोंधळली. त्यात ना माणूस, ना झाड. केवळ पिवळा आणि करडा रंग. "यात काहीच नाही," असे म्हणून ती पुढे निघाली.

"थांब, घाई करू नकोस," मामा म्हणाले. "शेताच्या बांधावरून आभाळ पाहताना तू त्याचा अर्थ विचारतेस काय?"

ती थांबली. पाहता पाहता तो पिवळा रंग उजळू लागला. पाऊस उघडल्यावर कपाशीच्या शेतांवर पसरणारे संध्याकाळचे ऊन तिला आठवले.

मामा म्हणाले, "केवळ रंगांतून बोलणारे एक थोर चित्रकार, वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपुरास जन्मले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले."

"आपल्या नागपुरात जन्मले?" मुलीने आश्चर्याने विचारले.

"हो. आणि आपल्या बुलढाण्याच्या पलीकडचा अजिंठा पाहून आल्यावर अमृता शेरगिल यांनी १९३७ साली 'ब्रह्मचारी' हे चित्र रंगविले. ते दिल्लीच्या संग्रहालयात आहे."

अमरावतीस परतल्यावर मुलगी देवघराच्या भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. तिने ओल्या फडक्याने काच पुसली आणि एकदम हाक मारली, "आजी, लक्ष्मीच्या मागे हा सोंडेत माळ धरलेला हत्ती केव्हापासून आहे?"

"पहिल्यापासूनच आहे, बाई," आजी म्हणाली. "तू आज पाहिलास."

तेवढ्यात धाकटा भाऊ धावत आला, चित्राकडे ओझरते पाहून परत पळू लागला. मुलीने त्याचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली, "घाई करू नकोस."