दोन बाळे, एक गाडी



यंदा आमच्या घरी नातू आला. थोरली नात दोन वर्षांची आहे. बाळंतिणीचा सव्वा महिना सरला, की मुलगा कामावर, आम्ही दोघेही नोकरीवर आणि सून दिवसभर दोन लेकरांसह एकटी, असे चित्र दिसत होते. पूर्वी इंदूरच्या वाड्यांत मूल कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असे. आता फ्लॅटमध्ये ती सोय राहिली नाही. सून एवढेच म्हणाली, "आई, संध्याकाळी बागेपर्यंत दोघांना मला एकटीने नेता आले पाहिजे. दर वेळी कोणाची तरी वाट पाहायला नको." म्हणून दोघांची बाबागाडी घ्यायचे ठरले. नात्यातल्या काहींना हे चोचले वाटले. आम्हाला तसे वाटले नाही. आईला घराबाहेर पडता येणे ही चैन नव्हे.

मुलांची घडीची हलकी गाडी आली तीही अशाच कारणाने. ओवेन मॅक्लारेन हे विमाने बांधणारे इंग्रज अभियंता. नातवंडाच्या अवजड गाडीशी लेकीची होणारी ओढाताण त्यांनी पाहिली आणि 1965 मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली.

दुकानात दोन प्रकार दिसले. दुकानदाराच्या भाषेत एक 'बराबर वाली' आणि दुसरी 'आगे-पीछे वाली'. पहिलीत मुले शेजारी-शेजारी बसतात, दोघांना सारखेच दिसते, हातही धरता येतो. पण अशा बऱ्याच गाड्या 75 ते 80 सेंटीमीटर रुंद असतात. आम्ही घरून टेपने मोजून गेलो होतो. आमच्या दाराची मोकळी जागा 72 सेंटीमीटर आणि लिफ्टचे दार त्याहून थोडे जास्त. म्हणजे ती गाडी रोज दारातच अडली असती. शिवाय एका बाजूला 12 किलोची नात आणि दुसऱ्या बाजूला चार किलोचे बाळ असले, की ती जड बाजूला ओढते. आगे-पीछे वाली साधारण 60 सेंटीमीटर रुंद होती. तिची अडचण वेगळी. ती लांब असते, वळवायला जागा लागते आणि थोरले मूल पुढे बसले, की स्पीडब्रेकरवर पुढची चाके उचलायला जोर लावावा लागतो.

म्हणून आम्ही नातीला पुढे बसवले, मागे पाच किलो पिठाची थैली ठेवली आणि गाडी सुनेच्याच हाती दिली. ती तिलाच चालवायची होती. तिने एका हाताने ढकलून पाहिली, वळवली, दुकानाच्या पायरीवर चढवली, घडी करून उचलली. मुलगा आणि आम्ही बाजूला उभे राहिलो.

तान्ह्यासाठी एक अट होती. मूल स्वतः बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याची पाठ सपाट राहायला हवी. मागची जागा पूर्ण आडवी होते की नाही, हे आम्ही हात फिरवून पाहिले. कंबर, खांदे आणि मांड्यांमधून येणारे पाच टोकांचे पट्टे दोन्ही जागांना असावेत. ब्रेक एका पायाने लागावा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर पट्टे आणि ब्रेक आधी तपासावेत.

राहिली थोरली. नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही दरवर्षी अशी मुले पाहतो, ज्यांच्या घरी नुकतेच भावंड आलेले असते. "आता तू मोठा झालास" हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलेले असते. मागे उभे राहायची फळी लावून एकाच मुलाची गाडीही चालली असती, स्वस्तही पडली असती. पण दोन वर्षांचे मूल परतीच्या वाटेवर पेंगते, फळीवर उभे राहू शकत नाही. वर्ष-दीड वर्षात ती आपणहून गाडी सोडेल. तोवर तिची जागा बाळासाठी काढून घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले. दुकानात तिने पुढची जागा पटकावली आणि मागे बोट दाखवून म्हणाली, "आजी, बाळ तिथे." वाटणी तिनेच केली.

आता दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. भाजीची पिशवी दांडीला अडकवायची नाही, कारण मुले उतरताच गाडी मागे कलंडते. उन्हासाठी गाडीवर कापड झाकायचे नाही. आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते. इंदूरच्या उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच बाहेर पडावे.

कोणाला गाडी पाहायची असेल, तर संध्याकाळी जरूर घरी यावे. येताना आपल्या दाराचे माप आणावे. आणि सून बागेत गेलेली असेल, तर थोडे थांबावे.