इकडील सर्व कुशल

आपल्या घरांतून पत्र लिहिण्याची एक ठरलेली रीत होती. वर 'श्री', खाली मायना, मग 'वि. वि.' आणि त्यानंतर हमखास तेच वाक्य : इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे. गायकवाडीत नोकरीचाकरीसाठी आलेल्या आपल्या पूर्वजांनी कोकणात आणि देशावर धाडलेली कितीतरी पत्रे याच वाक्याने सुरू झाली असतील. माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेत असा एक गठ्ठा होता. त्यांतल्या एका पत्रात 'सर्व कुशल' लिहून झाल्यावर चौथ्या ओळीत घरातले लहान मूल गेल्याची बातमी होती. तरुणपणी मला त्या विसंगतीचे नवल वाटे. आधी धीर द्यावा आणि मग खरे सांगावे, ही त्या लिहिणाऱ्यांची जाण होती, हे पुढे उमगले.

मला स्वतःला मात्र पत्राचा मायनाच अडवतो. माझा धाकटा मुलगा रामकृष्ण मिशनचा संन्यासी आहे. बडोद्याच्या विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन, दीड वर्ष नोकरी करून, २००७ साली तो संघात दाखल झाला. आता ईशान्येकडील एका केंद्रात शाळा आणि वसतिगृह सांभाळतो. ब्रह्मचर्याची वर्षे संपून त्याचा संन्यास झाला, तेव्हा विरजा होमापूर्वी त्याने स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने केले. विधीच तसा आहे. ज्याने आपले पिंड आपणच दिले, त्याला 'चिरंजीव' असे कसे लिहावे? बरे, नावाने हाक मारावी तर ते नाव त्याने मागे ठेवले. आणि शेवटी 'आनंद' असलेले नवे नाव आईच्या तोंडी बसत नाही. संघात सगळे त्याला 'महाराज' म्हणतात. पण आपल्या बडोद्यात महाराज म्हटले की मराठी माणसाला सयाजीराव आठवतात आणि गुजराती शेजारणीला लग्नातला आचारी! अखेर मी नाव गाळले. पत्र 'अनेक उत्तम आशीर्वाद' इथून सुरू होते आणि फोन 'ऐकतोयस ना?' इथून.

आपल्यापैकी अनेकांना दिलाराम बंगला ठाऊक आहे. १८९२च्या एप्रिलमध्ये स्वामी विवेकानंद बडोद्यास येऊन गेले, त्या वास्तव्याशी ही वास्तू जोडलेली आहे. २००५मध्ये ती मिशनकडे आली आणि माझा मुलगा तिथे जाऊ लागला. पुढे काय होणार हे आम्हा उभयतांना हळूहळू दिसत होते. अशा वेळी आई काय करते? मी विवेकानंदांच्या चरित्रात त्यांच्या आईला शोधू लागले. साऱ्या जगाला ज्यांचे व्याख्यान आठवते, त्यांनी १८९८ साली खेतडीच्या राजेसाहेबांना पत्र लिहून आईला मिळणारे महिना १०० रुपये आपल्या मृत्यूनंतरही चालू राहावेत अशी विनंती केली होती. १९०२मध्ये स्वामीजी गेले. भुवनेश्वरीदेवी १९११पर्यंत होत्या. विरक्त माणसाने आईच्या डाळतांदळाचा हिशोब मनात ठेवला होता, हे वाचून मला त्या काळात जेवढा धीर आला तेवढा उपदेशांनी आला नाही.

पण आमच्या घराला खरा सोबती मिळाला तो याच गावात वाढलेला. विनोबा भाव्यांचे शिक्षण बडोद्यात झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या आईंबद्दल मात्र कमी बोलतो. घरातल्या चुलीशी बसून या मुलाने आपली प्रमाणपत्रे जाळली, तेव्हा त्या माउलीने विचारले ते एवढेच, की पुढेमागे लागली तर? २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि भुसावळमार्गे काशीला गेला. जून महिन्यात तो अहमदाबादेजवळ कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. मुलाने घरी काही कळवलेले नाही हे लक्षात आल्यावर गांधीजींनी स्वतः वडिलांना पत्र धाडले. मुलाची खुशाली मुलाच्या हातून न येता तिसऱ्याच माणसाकडून आली. ते पत्र घरात वाचले गेले असेल तेव्हा रुक्मिणीबाईंनी काय ऐकले असेल? त्यातली थोरवी की नुसते 'आहे, जिवंत आहे' एवढेच?

१९१८मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. बडोद्याच्या घरात आई, वडील आणि धाकटा भाऊ एकदम आजारी पडले. बातमी आश्रमात पोहोचली तेव्हा विनोबांचा पाय निघेना; गांधीजींनी आग्रह करून त्यांना शुश्रूषेला पाठवले. आईने अखेरच्या काळात मुलाला सांगितले की ती तृप्त आहे. मुलगा हाताशी आला आहे, भावंडांचे पाहील, आणि अलीकडेच डाकोरला जाऊन देवाचे दर्शनही झाले आहे. डाकोर आपल्यापासून किती लांब? गाडीने काही तासांचा रस्ता. पण संसारातल्या बाईला तो कधी वर्षानुवर्षे सापडत नाही, हे आपण जाणतो. ऑक्टोबर महिन्यात त्या गेल्या. अंत्यविधी भटजींकडून न करता आपल्या हाताने करायचा असा विनोबांचा आग्रह होता. वडिलांना ते मान्य झाले नाही. विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. घरीच राहिले आणि त्या दिवशी त्यांनी वेदाध्ययनास आरंभ केला.

हा प्रसंग मी पूर्वी वाचला तेव्हा मनाला टोचला होता. डिसेंबर २०१९मध्ये आमच्या घरावर तशी वेळ आली तेव्हा तो मला वेगळा दिसला.

यजमानांना पक्षाघाताचा दुसरा झटका आला. थोरला टोरांटोहून निघाला. धाकट्याला कळवावे की नाही यावर नातेवाईकांत दोन तट पडले. 'त्याने घर सोडले आहे, त्याला कशाला गुंतवायचे?' असे एक म्हणत. 'पोटचा पोर आहे, न येऊन सांगेल कुणाला!' असे दुसरे. मी फोन लावला आणि झाले ते सांगितले. 'ये' असे म्हटले नाही आणि 'येऊ नकोस' असेही म्हटले नाही. यावे की न यावे हे त्याचे त्याने ठरवायचे. खरे काय ते त्याच्यापर्यंत पोचवणे माझे काम होते.

तो वरिष्ठांची अनुमती घेऊन तीन दिवसांसाठी आला. उतरला आश्रमात, दिवसभर बसायचा रुग्णालयात. पहिल्या दिवशी भगवी वस्त्रे पाहून यजमानांनी चालत होता तो एक हात छातीशी नेला. शास्त्र असे की संन्यासी पुत्राला पित्यानेही वंदन करावे. मुलाने तो हात मध्येच धरला आणि तसाच धरून ठेवला. मग तो माझ्याकडे वळला आणि वाकून त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. सर्वांना वंद्य असलेल्या यतीने आईला मात्र वंदन करावे, असे आपल्या परंपरेतच सांगितले आहे. श्राद्धानंतरही एक धागा शास्त्रकारांनी तोडलेला नाही. तो त्यांनी का ठेवला असेल, याचा विचार मी अजून करते.

तो परत गेल्यावर पंधरा दिवसांनी यजमान गेले. अग्नी थोरल्याने दिला. मी फोनवर धाकट्याला सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्याने विचारले, "आई, तू जेवलीस का?" संन्याशाला सुतक नसते, त्याचे स्नानसंध्येचे नियम, त्याचा दिनक्रम काही बदलत नाही. पुढे त्याच्या एका सहकारी साधूंकडून कळले की त्या दिवशी त्याने सगळे वर्ग नेहमीप्रमाणे घेतले आणि रात्री मंदिराचे दार बंद होईपर्यंत तो आत बसून होता. विनोबांनी आईच्या मृत्यूच्या दिवशी वेद का उघडले असतील, हे मला त्या वाक्याने समजले. रडण्याचीही प्रत्येकाची जागा निराळी असते.

पुष्कळ जणी मला विचारतात की त्याला घरच्या गोष्टी सांगून उपयोग काय? पुतण्याचे लग्न ठरले, नणंदेचे डोळ्याचे ऑपरेशन झाले, मांडवीजवळ पुन्हा खोदकाम काढले आहे, हे ऐकून संन्यासी काय करणार? काही करायचे नाहीच. ज्याच्याकडून काही करून घ्यायचे नसते त्याला सांगताना माझे बोलणे आपोआप निवळते. थोरल्याशी बोलताना त्यात थोडी तक्रार असते, थोडी मागणी असते. धाकट्याशी बोलताना जावाजावांचे रुसवेफुगवे सांगावेसेच वाटत नाहीत. उरते ते नुसते घर. अंगणातल्या प्राजक्ताला यंदा फूल कमी आले, हे तो मन लावून ऐकतो.

आणि बातम्या एकाच दिशेने जात नाहीत. वसतिगृहातली मुले आता माझ्या ओळखीची झाली आहेत. कुणाला गणित येत नाही, कोण रात्री झोपेत घरच्या भाषेत बोलतो, कुणाची बहीण परिचारिका झाली, हे मला ठाऊक असते. दिवाळीत मी मेतकुटाचा मोठा डबा पाठवते. मऊ भातावर ते पिवळे पीठ घालून खाण्याची त्या डोंगरी मुलांना चटक लागली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीला पूर आला, गावात पाणी शिरले, वीज गेली, तेव्हा त्या मुलांनी मला पत्र लिहिले. धीर देणारे पहिले वाक्य त्यांनीही आधी लिहिले होते : आम्ही इकडे बरे आहोत.

विनोबांच्या आईंनी एकदा मुलाकडे मराठीतून गीता मागितली होती. संस्कृत कळत नाही आणि जी मराठी मिळाली तीही कठीण. मग तूच का करत नाहीस, असे त्या म्हणाल्या. ते त्यांनी १९३०च्या ऑक्टोबरात हाती घेतले आणि १९३१च्या फेब्रुवारीत पुरे केले. 'गीताई' तयार झाली तेव्हा आई जाऊन बारा वर्षे उलटली होती. आईचे मागणे मुलाने विसरले नव्हते. उत्तराला वेळ लागला. घरोघरच्या बायकांनी ते उत्तर वाचले, ज्यांच्यासाठी ते होते त्या सोडून. मुले दूर असलेल्या प्रत्येक आईने हे ध्यानात ठेवावे. मुलांची उत्तरे कधी आपल्या हयातीत येत नाहीत, कधी ती दुसऱ्याच कुणाच्या ताटात वाढली जातात. माझ्या मुलाची ती तिकडे वाढली जात आहेत.

आता दांडिया बाजारातला आमचा वाडा विकायचा ठरला आहे. जिना माझ्याने चढवत नाही, थोरला परतणार नाही. संन्यास घेणाऱ्याचा घरच्या मिळकतीवरचा हक्क संपतो, अशी आपल्या कायद्याची जुनी धारणा. तरी वकिलांनी खबरदारी म्हणून धाकट्याचीही सही मागितली. मी फोनवर ते सांगितले. तो म्हणाला, कागद धाड, सही करतो. किंमत किती आली, घेणारा कोण, वाटणी कशी, यातले काही त्याने विचारले नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि तू कुठे राहणार?" अकोट्याला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, असे मी सांगितले. गॅलरीत ऊन येते का, हेही त्याने विचारले.

सकाळचे येते, असे मी म्हटले. कागदांच्या पाकिटात एक पत्रही घालणार आहे. मायना अजून सुचलेला नाही, पण पहिले वाक्य तयार आहे. आणि या वेळी ते लिहून झाल्यावर चौथ्या ओळीत वेगळे काही सांगायचे नाही.