मोकळ्या रस्त्यांचा प्रवास

‘सहल’ हा शब्द आपल्या समाजाच्या घरांत फार उशिरा आला. आमच्या आजोबांच्या पिढीने प्रवास केला तो पोटासाठी, नाहीतर दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या ओढीने. डोंगर, पाणी, समुद्र केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडावे, एवढी उसंत त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. त्यामुळे पत्नी, मुलगी, मुलगा आणि मी असे चौघे कोकण रेल्वेने एर्नाकुलमला उतरलो आणि सात दिवसांसाठी भाड्याच्या गाडीत बसलो, तेव्हा मुलांना जे सहज वाटत होते ते मला नवलाचे वाटत होते. निघण्यापूर्वी मुलीने एकच अट घातली होती : “पप्पा, ही सहल आहे, इतिहासाचा तास नाही.” मी ती मान्य केली. परंतु केरळचे रस्ते असे आहेत की इतिहास आपणहून गाडीसमोर येऊन उभा राहतो.

पहिला टप्पा मुन्नारचा. नेरियमंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो. चीयप्पाराच्या धबधब्याशी थांबून आम्ही गरम केळभजी खाल्ली. वर पोहोचल्यावर चहाचे मळे दिसतात. डोंगरांवर कोणी हिरवी गोधडी अंथरावी तसे. सकाळच्या धुक्यात पत्नी कितीतरी वेळ काही न बोलता उभी होती. मळ्यातून पाठीवर पिशव्या घेतलेल्या तमिळ स्त्रिया पाने खुडत चालल्या होत्या. त्यांच्या चाळींना तिथे ‘लयम’ म्हणतात. या मजुरांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत; त्यांचे पूर्वज मळ्यांच्या कामासाठी तमिळ मुलखातून आणले गेले. २०१५ मध्ये याच स्त्रियांनी प्रस्थापित कामगार संघटनांना बाजूला सारून ‘पेम्पिळै ओरुमै’ म्हणजे स्त्रियांची एकजूट उभारली, रस्ता अडवला आणि बोनसची मागणी मान्य करून घेतली. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळच्या पेट्टिमुडी येथे दरड कोसळून लयममध्ये झोपलेली माणसे गाडली गेली. सत्तर जीव गेले. छायाचित्रात येणारी हिरवळ कोणाच्या हातांनी राखली आहे, हे मुलांना सांगावे लागले नाही. मुलाने स्वतःच विचारले, “यांची घरे उताराच्या एवढी कडेला का?”

मुन्नारमध्येच १९२४ च्या महापुराची गोष्ट ऐकू आली. त्या वर्षीच्या जुलैमधील पावसाने टॉप स्टेशनकडे जाणारी इथली छोटी रेल्वे वाहून नेली आणि ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ते वर्ष ऐकून दुसरेच पाणी आठवले. त्याच पुरात, खाली सपाटीवरच्या वायकोम गावी, काही माणसे एका रस्त्यावर चालण्याच्या हक्कासाठी कमरेच्या वर चढलेल्या पाण्यात उभी होती आणि पोलीस होडीत बसून त्यांच्यावर पहारा ठेवत होते. मुन्नारहून आलप्पुळाकडे जाताना वायकोम फारसे आडवाटेला नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे थांबलो.

वायकोमच्या महादेव मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवर ख्रिस्ती आणि मुसलमान चालू शकत. एझवा, पुलया आदी समाजांना मात्र बंदी होती. ३० मार्च १९२४ रोजी कुंजप्पी, बाहुलेयन आणि गोविंद पणिक्कर हे अनुक्रमे पुलया, एझवा आणि नायर समाजांचे तीन सत्याग्रही हात धरून बंदीच्या फलकापर्यंत चालत गेले. पुढे पेरियार रामस्वामी आले, त्यांनी तुरुंगवास भोगला. गांधीजी मार्च १९२५ मध्ये आले, तेव्हा तिथल्या नंबुद्री प्रमुखाने त्यांनाही घराच्या आत घेतले नाही. चर्चा बाहेरच झाली. आज त्या घरात ताडी कामगारांच्या संघटनेचे कार्यालय आहे. नोव्हेंबर १९२५ मध्ये सत्याग्रह संपला, तो तडजोडीने : तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा बंदच राहिला. तो उघडण्यासाठी १९३६ च्या मंदिरप्रवेशाच्या घोषणेची वाट पाहावी लागली.

पेरियारांचे स्मारक पाहून आम्ही त्या रस्त्यांवरून सावकाश चाललो. फुलांची दुकाने, रिक्षा, शाळेतून परतणारी मुले. अगदी साधा रस्ता. आपल्याकडे महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिथे रस्ता, इथे पाणी. मागणी एकच, माणूस म्हणून सार्वजनिक जागेत वावरण्याची.

तण्णीरमुक्कमचा बंधारा ओलांडून आम्ही आलप्पुळाला आलो. हाऊसबोटीचे भाडे शिक्षकाच्या खिशाला न झेपणारे, म्हणून जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटीने नेडुमुडीपर्यंत जाऊन परत आलो. तीच अधिक आनंदाची ठरली. दुतर्फा माड, पाण्यात पाय सोडून भांडी घासणाऱ्या बायका, बांधापलीकडे पाण्याच्या पातळीहून खोल असलेली भातशेती. कुट्टनाडची ही शेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. कायलाच्या तळाचा चिखल बुड्या मारून वर काढणारे आणि बांध घालणारे हात प्रामुख्याने पुलयांचे होते. आज पर्यटकांना फिरवणाऱ्या ‘केट्टुवळ्ळम’ नौका, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या बांधून केलेल्या, एकेकाळी हेच भात वाहून नेत.

बोटीत आमचे बोलणे ऐकून एक मराठी गृहस्थ सरकून जवळ आले. परमुलखात भाषा भेटली की बरे वाटते. गाव विचारले, नोकरी विचारली, मग आडनाव. आमचे आडनाव गावावरून पडलेले. त्याने त्यांचे समाधान होईना. “म्हणजे नक्की कोण तुम्ही?” त्यांनी हसत विचारले. मी उत्तर देण्याआधी मुलगी म्हणाली, “आम्ही बौद्ध, काका.” “हो का? छान, छान,” म्हणून ते पाण्याकडे पाहू लागले आणि पुढे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नीने केळ्याच्या वेफर्सची पुडी मुलीपुढे धरली, “घे गं.” मुलीने वेफर्स घेतले आणि आपल्याजवळचे फणसाचे गरे त्यांना दिले. त्या बाईंनी ते तिथेच खाल्ले. काठावर उतरल्यावर मुलगी म्हणाली, “पप्पा, तीन बाजूंचे रस्ते उघडले आहेत. चौथ्याचे काम चालू आहे.” त्या क्षणी मला कळले की वायकोमला ती माझ्याहून अधिक लक्ष देऊन ऐकत होती.

अंबलप्पुळाजवळ करुमाडी येथे काळ्या पाषाणातील ध्यानस्थ बुद्ध आहेत. लोक प्रेमाने त्यांना ‘करुमाडिक्कुट्टन’, म्हणजे करुमाडीचा मुलगा, म्हणतात. मूर्तीची डावी बाजू भंगलेली आहे. परंतु उरलेल्या अर्ध्या देहातही आसन ढळलेले नाही. आम्ही चौघांनी त्रिशरण-पंचशील घेतले. कोणी विचारले नाही, कोणी अडवले नाही.

पुढे वर्कला. तांबड्या कड्यांखाली मुले लाटांत मनसोक्त भिजली. जवळच शिवगिरीला नारायण गुरूंची समाधी आहे. वर्षअखेरीस तिथे पिवळ्या वस्त्रांतील यात्रेकरू येतात. या यात्रेच्या उद्दिष्टांत शिक्षण पहिले आहे.

शेवटचा मुक्काम कोवळमला. किनाऱ्यावरून थोडे आत गेले की वेंगानूर लागते, अय्यंकालींचे गाव. जन्म १८६३, पुलया समाजात. १८९३ मध्ये ते पांढरी वस्त्रे नेसून स्वतःच्या बैलगाडीत बसले आणि त्यांच्या समाजाला मनाई असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर त्यांनी ती हाकली. हल्ले झाले, गाडी थांबली नाही. या माणसाला अक्षरओळख नव्हती. तरीही त्यांनी पोरांना शाळाप्रवेश मिळावा म्हणून शेतमजुरांना संपावर नेले, १९१० मध्ये पंचमी नावाच्या मुलीचा हात धरून तिला ऊरुट्टंबलमच्या शाळेत नेऊन बसवले. सवर्णांनी ती शाळाच जाळली. आज त्या शाळेला अय्यंकाली आणि पंचमी यांचे नाव आहे.

अय्यंकालींच्या समाधीपुढे उभे असताना मला आपल्या या शाळेचे वसतिगृह आठवले : ट्रंक डोक्यावर घेऊन फाटकाशी बिचकत उभी राहणारी मुले, आणि परत फिरताना पुन्हा पुन्हा मागे वळून पाहणारे त्यांचे आईबाप. त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी एक गाडी हाकलेली आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : सवड काढून, चार पैसे साठवून, मुलाबाळांसह फिरा. समुद्रात भिजा, धुक्यात उभे राहा, केळभजी खा. आनंदावर आपला हक्क आहे आणि तो उपभोगण्यात कसलाही संकोच नको. फक्त गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की मुलांना एवढे विचारा : हा रस्ता कोणी मोकळा केला? उत्तर त्यांना शोधू द्या. आणि जो अजून मोकळा व्हायचा आहे, त्याचे काम त्यांच्या हाती सोपवा.

जय भीम!