गाईची वाट

वर्धेहून सिंदी मेघेला निघालात, तर शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं हे चटकन कळायचं नाही. लाकडी नंदींच्या तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेलं सिंदी वेगळं, ते सेलू तालुक्यातलं. हे सिंदी मेघे वर्धा शहराला अगदी लागून. रस्त्याला घरं, दुकानं, आखलेले प्लॉट. त्यातूनच एखादी पांढरी गाय वासराला घेऊन संथपणे रस्ता ओलांडते.

या मुलखातल्या लहानपणी सकाळी दावी सुटली, की ढोरं आपसूक आखरावर जमायची. गायकी त्यांना चरायला नेई. दिवस मावळताना कळप परते, तेव्हा प्रत्येक गाय न चुकता आपल्याच दारी वळे. आजी तिच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवी आणि जरा वेळ नुसती बघत बसे. गाय रवंथ करू लागली, की आजी निश्चिंत. तिचं बघणं खरंच होतं. चांगली गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. तो थांबला, की दुखणं आलं समजावं.

आपल्या जिल्ह्याची गाय म्हणजे गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा खास पट्टा. अंगानं हलकी, रंगानं पांढरी. दूध बेताचं, पण गोऱ्हे चालीला चपळ. जमनालाल बजाजांनी १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघाच्या कामाला वाहून घेतलं. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले, तोवर गोपुरीच्या झोपडीत राहून त्यांनी हेच काम केलं. अशा या भूमीतली गाय आज उकिरड्यावर तोंड घालताना दिसली, की जीव कळवळतो.

शिळी पोळी पिशवीत बांधून टाकली, की गाय ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पहिल्या पोटात साठत राहतं. चारा कमी जातो, दूध आटतं, कधी जीवही जातो. म्हणून मायबहिणींनो, उरलंसुरलं अन्न पिशवीत बांधून फेकू नका. उघडं करून कोरडंच गव्हाणीत टाका, तेही थोडकंच.

आणि दादांनो, शहर उद्या तुमच्याही शिवेवर येईल. गायरानाचे आणि आखराचे तुकडे पडू लागले, की गायकीचं काम सुटतं, कळप मोडतो. मग गाय एक तर दिवसभर खुंट्याला, नाही तर रस्त्यावर. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल, त्या दिवशी घरी बसू नका. दारची गाय राखायची, तर तिची चरायची वाटही राखली पाहिजे.