दोन दिवसांत दीव

कॅलेंडरमध्ये शनिवार-रविवारला लागून एखादी लाल तारीख दिसली, की घरोघरी सहलीची चर्चा सुरू होते. वडोदरा, अहमदाबाद, सुरत इथल्या मराठी घरांमध्ये अशा वेळी दीवचे नाव हमखास निघते. समुद्र हवा, पण गोव्याइतके लांब जायला रजा नाही. मुलांना वाळू हवी, वडिलांना किल्ला पाहायचा आहे, आईला दोन दिवस ओट्यापाशी उभे राहायचे नाही आणि आजींना वाटेत सोमनाथाचे दर्शन मिळाले तर हवेच आहे. दीवमध्ये या सगळ्यांची सोय होते, निदान कागदावर तरी.

घोटाळा होतो तो या कागदावरच. सोमनाथ दीवपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर, सिंहांचे सासण गीर शंभरेक किलोमीटर. ‘एवढे लांब जातोच आहोत तर...’ या अर्ध्या वाक्याने किती सहलींचा घात केला असेल, याचा हिशेब नाही. शनिवारी सकाळी सोमनाथ, संध्याकाळी दीव, रविवारी पहाटे सासणची जंगलसफारी आणि रात्री परतीची गाडी, असा बेत आखणारे कुटुंब दीवला पोहोचते ते अंधारात आणि निघते तेही अंधारात. जेमतेम चाळीस चौरस किलोमीटरचे हे बेट, पण ते त्यांना दिसतच नाही. दिसते ती हॉटेलची खोली आणि सौराष्ट्रातला डांबरी रस्ता. गीरचे अभयारण्य तर १६ जून ते १५ ऑक्टोबर या काळात बंदच असते, हेही पुष्कळांना तिथे गेल्यावर कळते.

म्हणून बेत आखताना पहिली पेन्सिल चालवावी ती खोडण्यासाठी. दोन दिवस असतील तर गीर पूर्णपणे खोडावे. सोमनाथाचे काय करायचे ते पुढे पाहू.

प्रवासाचा हिशेबही आधीच स्पष्ट करून घेतलेला बरा. अहमदाबादहून दीव रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. शुक्रवारी रात्री बसने निघाले की शनिवारी सकाळी उन्याला, म्हणजे दीवच्या दाराशी, पोहोचता येते. उन्याहून पुढे पंधराएक किलोमीटर राहतात. राजकोटकरांना हे सगळे आणखी सोपे. रेल्वेने जाणाऱ्यांना वेरावळ स्टेशन सोयीचे. तिथून नव्वदेक किलोमीटर मोटारीने किंवा बसने जावे लागते. मुंबईकरांनी मात्र मन घट्ट करून आणखी एक दिवस रजा काढावी. मुंबईहून वेरावळपर्यंत गाडीने एक रात्र मोडते आणि परतताना दुसरी. विमानतळ नागवा गावाजवळच आहे, पण इथली छोटी विमाने कधी वेळापत्रकात असतात, कधी नसतात. तेव्हा आधी विमानाची खात्री, मग हॉटेलचे आरक्षण, हा क्रम उलटा करू नये.

सौराष्ट्राचा किनारा आणि दीव यांच्यामध्ये एक अरुंद खाडी आहे. अलीकडच्या काठावर घोघला गाव लागते. ते दीव जिल्ह्यातच मोडते, पण बेटावर नाही. घोघल्याचा पूल ओलांडला की बेटावर पाय पडतो. ‘द्वीप’ शब्दावरूनच दीव हे नाव पडले, असे मानतात. ‘गोवा, दमण आणि दीव’ हे तिन्ही शब्द एका दमात म्हणायची मराठी वाचकाला सवय आहे, कारण १९८७ पर्यंत हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्या वर्षी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि दमण-दीव मागे उरले. २०२० मध्ये त्यांना दादरा आणि नगर हवेलीशी जोडण्यात आले.

आपला आणि दीवचा संबंध त्याहून जुना आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. हुमायूँ मागे लागलेला असताना त्याला पोर्तुगीजांची मदत हवी होती. पुढच्याच वर्षी त्याने दीवमध्ये किल्ला बांधायलाही त्यांना परवानगी दिली. १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरच्या भेटीहून परतताना झालेल्या चकमकीत तो याच किनाऱ्याजवळ समुद्रात मारला गेला. किल्ला मात्र उभा राहिला आणि १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिला.

शनिवारची सकाळ या किल्ल्यालाच द्यावी, आणि तीही उन्हे चढण्याआधी. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला खडकात खोदलेला खंदक अशी याची रचना आहे. तटावर तोफा अजून पडून आहेत. मुले त्यांच्यावर बसून फोटो काढून घेतात, मोठ्यांनी मात्र एखाद्या तोफेच्या तोंडाच्या दिशेने समोर पाहावे. तिचा रोख कुठल्या बाजूला आहे हे पाहिले, की किल्लेदाराला कशाची धास्ती होती ते कळते. १५३८ मध्ये इजिप्तहून आलेल्या तुर्की आरमाराने हा किल्ला वेढला होता. १५४६ मध्ये गुजरातच्या सैन्याने त्याला पुन्हा वेढा घातला आणि तट ठिकठिकाणी पाडला. हा दुसरा वेढा उठवणारा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याच्याकडे नंतर डागडुजीलाही पैसा उरला नव्हता. त्याने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत केले, असे सांगतात. मिशीचा केस गहाण ठेवणाऱ्या इमानी माणसांच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. तटावर बसून मुलांना सांगायला ही गोष्ट तारखांच्या यादीपेक्षा बरी.

तटावरून खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोटा दिसतो. लांबून पाहिले तर दगडी जहाजच नांगर टाकून उभे आहे असे वाटावे. धक्क्यावरून होड्या त्याला वळसा घालून आणतात. वारा असेल तर लहान मुलांना घेऊन हा हट्ट करू नये, तो काठावरूनही छान दिसतो.

किल्ल्यातून बाहेर पडले की गावातून पायीच फिरावे. रिक्षा केली तर गल्ल्या हुकतात. सेंट पॉल चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्याचा पांढरा, नक्षीदार दर्शनी भाग आणि आतले लाकडी कोरीव काम पाहताना गोव्यातल्या चर्चची आठवण येते, पण इथे गर्दी नसते. आजही इथे प्रार्थना होते. त्याच्याजवळच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय झाले आहे, तर सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये इस्पितळ सुरू झाले. बेटावर ख्रिस्ती वस्ती थोडी उरली, त्यामुळे इमारतींना नवी कामे मिळाली. गावातल्या काही रंगीत घरांना कुलपे दिसतात, त्यामागेही असेच कारण आहे. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. त्या आधारावर कितीतरी गुजराती बोलणारी हिंदू-मुसलमान कुटुंबे लिस्बनला आणि तिथून इंग्लंडला गेली. दीवच्या व्यापाऱ्यांचे पोर्तुगीज काळात आफ्रिकेतल्या मोझांबिकशी कापडाचे नाते होते, तेव्हा बाहेर जाणे या गावाला नवे नाही.

दुपारी जेवून थोडे आडवे व्हावे आणि चारनंतर नागव्याचा रस्ता धरावा. गावापासून सात-आठ किलोमीटरवरचा हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा किनारा मुलांसाठी सोयीचा आहे. वाटेत एक वेगळाच ताड दिसेल. ताड-माडाचे खोड सरळ एकच असते हा आपला समज, पण इथल्या होका नावाच्या ताडाला फांद्या फुटतात. कोणी त्याला रावणताड म्हणते. तो आफ्रिकेतून आला असे सांगितले जाते. त्याची तांबूस-तपकिरी फळे खाता येतात, एक घेऊन चव पाहायला हरकत नाही, दुसरे मागाल असे मात्र नाही.

शनिवारच्या रात्रीविषयी

ही गोष्ट प्रवासी पत्रकांत छापत नाहीत, पण कुटुंबाबरोबर जाणाऱ्याला ती माहीत हवी. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवारी दुपारपासून पुलावरून येणाऱ्या सगळ्याच मोटारी समुद्र पाहायला येत नाहीत. नागव्याच्या परिसरात सुट्टीच्या रात्री आरडाओरडा होऊ शकतो. दीव एरवी शांत आणि स्वच्छ गाव आहे, बायका-मुलांनी बिचकण्याचे कारण नाही. मुक्काम कुठे करायचा एवढेच ठरवायचे असते. बरोबर वयस्क माणसे किंवा लहान मुले असतील, तर गावात किल्ल्याच्या बाजूला किंवा घोघल्याला उतरावे. घोघल्याच्या किनाऱ्याला २०२० मध्ये स्वच्छतेसाठीचे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले आणि तिथली वाळू सकाळी फिरायला उत्तम आहे. रजा मिळत असेल तर शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवार निवडावा. बेट तेच असते, गर्दी निम्मी. परतताना कोणी हौसेने बाटली पिशवीत टाकली, तर पूल ओलांडल्यावर तो गुन्हा ठरतो आणि तपासणी होते, हेही घरातल्या कर्त्या पुरुषांना आधीच सांगून ठेवावे.

समुद्राबद्दलही कडक राहावे. ऑक्टोबर ते मार्च हा इथला खरा हंगाम. पावसाळ्यात हवा सुंदर होते, पण पाणी खवळलेले असते आणि त्या दिवसांत पोहायला उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. जालंदर आणि चक्रतीर्थ हे गावाजवळचे किनारे बसायला चांगले, पण खडकाळ आहेत. पोहायचेच असेल तर नागवा आणि घोघला, तेही रक्षक असतील तेवढ्यातच.

रविवारी सकाळचा पहिला थांब फुदम गावाजवळचे गंगेश्वर. समुद्रालगतच्या खडकात पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावर अभिषेक करून मागे सरतात. पांडवांनी ती स्थापली, अशी श्रद्धा आहे. पण इथे वेळ सांभाळावी लागते. भर भरतीत पायऱ्यांवर पाणी चढते, पूर्ण ओहोटीत लाटा दूर राहतात. दोन्हींच्या मधली वेळ उत्तम. कोकणातल्या मंडळींना तिथीवरून भरती काढायची सवय असते. ते गणित मुंबईच्या बाजूचे, इथे जसेच्या तसे लावू नये. आदल्या रात्री हॉटेलात विचारावे, तिथे रोज सांगणारे कोणीतरी असतेच.

नायडा गुंफा तटाबाहेरच आहेत. किल्ल्यासाठी दगड काढता काढता त्या तयार झाल्या असे म्हणतात. छतातल्या भगदाडांतून उन्हाचे कवडसे उतरतात, तेव्हा सकाळी उशिरा जावे. अर्धा तास पुरतो. पश्चिम टोकाचे वणाकबारा हे मच्छीमारांचे गाव ज्यांना मासळीच्या वासाचे वावडे नाही त्यांच्यासाठी. लाकडी होड्या, जाळी विणणारे हात आणि वाळत घातलेली मासळी पाहून रायगड-रत्नागिरीच्या माणसाला परके वाटणार नाही.

पण वेळ कमी पडत असेल तर वणाकबारा सोडावे, खुकरी स्मारक सोडू नये. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, बांगलादेश युद्धात, भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही फ्रिगेट दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. जहाज काही मिनिटांत गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. आपले जीवरक्षक जाकीट त्यांनी एका सहकाऱ्याला दिले, असे सांगितले जाते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. चक्रतीर्थच्या टेकडीवर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर तोच समुद्र आहे.

याच नावाची दुसरी ‘खुकरी’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १९८९ मध्ये नौदलात आली. बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये ती निवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी संग्रहालय करण्यासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. पहिल्या जहाजाची प्रतिकृती आणि दुसरे खरे जहाज, दोन्ही एकाच गावात. ज्यांच्या घरात ‘इतिहास कंटाळवाणा’ म्हणणारी मुले आहेत, त्यांनी ही जोडगोळी अवश्य दाखवावी. मुले प्रश्न विचारतात, म्हणून आकडे आणि वर्षे घरूनच पाठ करून गेलेले बरे. तिथून किल्ल्याकडे पाहताना १९६१ ची गोष्टही सांगता येईल. ‘ऑपरेशन विजय’मध्ये दीवमधला प्रतिकार चिवट होता. खाडी ओलांडणाऱ्या आपल्या जवानांवर गोळीबार झाला, ‘दिल्ली’ या युद्धनौकेने समुद्रातून तोफा डागल्या आणि १९ डिसेंबरला बेट मुक्त झाले.

खर्चाचा आकडा इथे देण्यात अर्थ नाही, तो हंगामागणिक बदलतो. दिवाळीच्या सुट्टीत आणि डिसेंबरअखेर खोल्यांचे दर चढतात, एवढे ध्यानात ठेवावे. बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम बाराएक किलोमीटर असल्यामुळे दिवसभराची रिक्षा ठरवली की भागते. शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही, गुजराती थाळी सगळीकडे मिळते. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि बॅटरी एवढे सामान हाताशी ठेवावे.

राहिले सोमनाथ. परतीची रात्रीची गाडी वेरावळहून धरली, तर रविवारी जेवून दुपारी दोनला दीव सोडावे. वेरावळ स्टेशनपासून मंदिर सहा-सात किलोमीटरवर आहे. संध्याकाळी सातची आरती मिळते. मोबाइल आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, त्या रांगेसाठी अर्धा तास हाताशी हवा. जेवणाचे डबे दीवहूनच भरून घ्यावेत, म्हणजे दर्शनानंतर आजींना घाई करावी लागणार नाही.